उत्तर देणारा एक जण

बिशपसाहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. ‘या वस्तीवर उपासक उरलेले नाहीत, सबब चॅपलमधली मासिक मिस्सा-उपासना बंद करण्यात येत आहे.’ खाली तुमची सही, तुमचा शिक्का. मग त्या शनिवारी पहिल्या बाकावर मी, रंगराव, बसलो होतो तो कोण? खांब?

दहा वर्षांचा होतो तेव्हापासून वेदीपाशी आहे मी. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये. फादरची पाठ आमच्याकडं, लोक आपले जपमाळ ओढत बसलेले. फादरला उत्तर द्यायचं ते मी, एकट्यानं, सगळ्या वस्तीच्या वतीनं. अर्थ कळत नव्हता. चुकलो की कान मात्र पिळला जायचा. मग तुमच्याच आधीच्यांनी हुकूम काढला: आता मराठीत, आता सगळ्यांनी मिळून. झालं, माझी गरज संपली.

लग्न होऊन केसर आली, तिला ही मराठी मिस्सा फार आवडे. ती खणखणीत उत्तर द्यायची आणि शेजारी मी ओठातल्या ओठात लॅटिन. लगेच बरगडीत कोपर.

“काय पुटपुटून राह्यले? देवाले मराठी येत नाही काय?”

“तुह्या आधीपासून ओयखतो मी त्याले. तू गप बस.”

पन्नास वर्षं हेच भांडण, दर महिन्याला.

यंदा सोयाबीन निघालं आणि ती गेली. आमची बाकीची ख्रिस्ती घरं पुण्याला, जालन्याला कधीच निघून गेलेली. पुढच्या मिस्सेला नवे फादर फटफटीवर आले. बाकावर मी एकटा. हात पसरून ते म्हणाले, “प्रभू तुमच्याबरोबर असो.”

मी शेजारी पाहिलं.

मराठी उत्तर मी जन्मात मोठ्यानं दिलं नव्हतं. ते तिचं होतं. फादर थांबून राहिले. शेवटी दिलं मी, तिच्यासारखं, शेवटचा शब्द लांबवून. मग सवयीनं हळूच माझंही, तेच लॅटिनमध्ये: ‘एत कुम स्पिरितु तुओ.’

कोपर लागलं नाही.

सगळी मिस्सा अशीच झाली. तिचं उत्तर, मग माझं. फादर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. जाताना म्हणाले, “बाबा, मला वर कळवावं लागेल. एकच जण होता म्हणून.”

त्यांनी एक कळवला. तुम्ही तोही खोडलात.

तुमचं पत्र शेजारच्या संघपालनं वाचलं. म्हणाला, “रंगबा, आमच्या घरचे चौघं येऊन बसतो ना. गर्दी तं दिसन.”

“अन् बुद्धाले काय सांगशीन बे?”

“सांगन, म्हातारा एकटा होता.”

मला हसू आलं. मग ‘नको’ म्हणालो आणि दार लावून घेतलं.

जुन्या रीतीत उत्तर द्यायला एक पोरगं पुरत होतं. नव्या रीतीत लोक लागतात म्हणता, तर लोकांचं उत्तरही मीच दिलं. दोन्ही रीती एका तोंडानं पाळल्या. आणखी काय पाहिजे तुम्हाला?

नेहमीसारखं चौथ्या शनिवारी सकाळी दहाला मी चॅपल झाडून, दार उघडून बसणार आहे. आजवर उत्तरं मी दिली. आता तुम्ही द्या: फादरला पाठवता की नाही?