मागच्या बाकापर्यंत गेलेले घंगाळ

मित्रांनो, मी पत्र्याचे एक म्हातारे घंगाळ आहे. पाय धुण्यापलीकडे मला फारसे काही येत नाही. पण ज्यांचे पाय मी धुतले त्यांच्यातल्या एकाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पत्र्याच्या दुकानात माझा जन्म झाला. कारागीर घाईत होता. त्याने माझ्या कडा सुबक वळवल्या, दोन कान जोडले, पण बूड नीट ठोकले नाही. त्यामुळे फरशीवर ठेवले की मी डुगडुगते. "याच्या अंगात वारं आहे," असे म्हणून त्याने मला फळीवर टाकले, आणि नदीकाठच्या प्रार्थनाघरातल्या बायका मला तिथून घेऊन गेल्या.

ते प्रार्थनाघर अगदी साधे होते. भिंतीवर चित्र नाही, कोपऱ्यात वाद्य नाही. एकाने गीताची ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती लांबवत गायची, एवढाच त्यांचा साज. तान्ह्या मुलांना ते बाप्तिस्मा देत नसत. ज्याचा त्याने मोठेपणी विश्वास सांगायचा आणि नदीत पूर्ण बुडून वर यायचे, तेव्हा तो मंडळीचा. उपासना चालवणारे त्यांचे पाळक पोटासाठी सुतारकाम करत. सगळे त्यांना सुतारबाबा म्हणत.

वर्षातून एकदा प्रभुभोजन होई. भाकर मोडली जाई, द्राक्षारसाचा पेला फिरे आणि मग माझी पाळी येई. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या शिष्यांचे पाय धुतले, म्हणून हेही धूत. कमरेला पंचा बांधायचा, मला उचलायचे आणि कोणापुढे तरी गुडघे टेकायचे. पुरुष पुरुषांचे, बायका बायकांचे. कोण कोणाकडे जाणार हे कोणी विचारत नसे आणि निघालेल्याला कोणी अडवत नसे. भांडलेली माणसे माझ्या पाण्यावर वाकून रडलेली मी पाहिली आहेत. त्या दिवशी माझे कौतुक होई. उरलेले वर्ष मी कपाटात, अंधारात पडून असे. कधी छपराचे गळते पाणी माझ्यात धरत. एका वर्षी तर रंगकामाला माझ्यात चुना कालवला.

तो चुना जोडेवाल्याच्या बायकोने घासून काढला. "घंगाळात चुना कालवणाऱ्याच्या जेवणातच कालवायला हवा होता," असे पुटपुटत ती मला घासत होती. ती मंडळीतली होती. तिचा नवरा मात्र नव्हता. तो दर रविवारी यायचा आणि मागच्या बाकावर, बाहेरच्यांच्या जागी बसायचा. भाकर त्याच्या हाती जात नसे आणि मीही तिथपर्यंत जात नसे. पाय हलवत, बोटे मोडत तो सगळे बघत राही. गीत सुरू झाले की ओठ उघडी आणि पुन्हा मिटी.

त्याच वर्षीची ही गोष्ट. सुतारबाबांची नजर आता पार गेली होती. भिंतीकडेच्या बाकांची टोके चाचपत ते चालत आणि आपला जुना सोबती नावाडी बसे त्या बाकाशी थांबत. पण रंग वाळायचा म्हणून नेमका तोच बाक अंगणात राहिला होता, आणि नावाडी एक बाक पुढे सरकून बसला होता. बाबांनी सवयीने टोके मोजली आणि ते मला घेऊन नावाड्याला ओलांडून गेले. नावाडी डोळे मिटून गात होता. बाकीच्यांनी नियमाप्रमाणे अडवले नाही.

बाबांनी मागच्या बाकापुढे गुडघे टेकले आणि समोरच्या जोड्याची नाडी सोडली.

बाबांनी तो पाय माझ्यावर धरला. मी डुगडुगत होते. मित्रांनो, तो गप्प राहिला असता तर इतकी वर्षे हवे असलेले त्याला आयते मिळाले असते. पाय पाण्याला टेकला, आणि त्याने तो मागे ओढला.

"काय रे नावाड्या, पाय आखडता का घेतोस?"

"बाबा, मी नावाडी नाही. जोडेवाला आहे."

गाणे थांबले. बायकांच्या बाजूने "अगं बाई!" असा आवाज आला. तो त्याच्या बायकोचा होता.

मंडळीतला एक गिरणीवाला ताडकन उठला. "उठा बाबा. तो आपल्यातला नाही."

"मला उठायला वेळ लागतो. तू बस तोवर," बाबा म्हणाले. मग जोडेवाल्याला विचारले, "किती दिवस बसतोस रे इथं?"

"लग्न झाल्यापासून. आधी हिला सोडायला यायचो. आता घरी बसवत नाही. आणि इथं बसूनही जीव थाऱ्यावर नसतो."

"मग पुढे का येत नाहीस?"

"बोलावल्याशिवाय कसा येऊ? कोणी सांगतं उजेड दिसला, कोणी सांगतं हाक आली. मला काही दिसलं नाही. नुसती तगमग. उद्या मी आपलाच उठून आलो आणि देवानं मला निवडलेलंच नसलं, तर?"

बाबांनी माझ्या काठावर हात टेकला. "मला सांग, मढ्याला तहान लागते का?"

"नाही."

"मग ही तगमग तुझ्यात कोणी घातली? तू?"

"मी कशाला घालू? मला तर नकोच होती!"

सगळे हसले. बाबाही हसले. "ऐकलंत? विश्वासाची याहून मोठी साक्ष मी तरी दिली नव्हती." मग ते गंभीर झाले. "पण पाय आत्ता धुणार नाही. आधी नदी. आणि त्याआधी मंडळीनं होय म्हटलं पाहिजे."

एकेक जण येऊन जोडेवाल्याचा उजवा हात हातात घेऊ लागला. तीच त्यांची संमती. शेवटी गिरणीवाला उरला. एकाने जरी नकार दिला तरी सगळे तिथेच थांबणार होते. तो जागचा हलेना. मग पुढे येऊन त्याने हात धरला. "पाणी गार आहे. नंतर म्हणू नकोस, सांगितलं नाही."

सगळे नदीवर गेले. मी एकटे फरशीवर राहिले. लांबून गीत ऐकू येई, मध्येच बंद पडे. आत उतरला का? की काठावरून परतला? बाबांचा पाय तर घसरला नाही ना? माझ्यातले पाणी निवत गेले. काही कळेना.

मग दारात ओली पावले वाजली. जोडेवाला डोक्यापासून निथळत होता. नावाड्याने बाबांना धरून आणले होते. बाबा पुन्हा मागच्या बाकाशी आले आणि मला चाचपू लागले.

जोडेवाल्याची बायको डोळे पुसत म्हणाली, "अहो बाबा, अख्खे भिजून आलेत, आता पाय वेगळे कशाला धुता?"

"ते काम देवाचं होतं, पोरी. हे आपलं आहे."

बाबांनी त्याचे पाय धुतले आणि पुसले. लगेच जोडेवाल्याने त्यांच्या कमरेचा पंचा सोडवून आपल्या कमरेला बांधला, मला उचलले आणि तो सरळ गिरणीवाल्यापुढे जाऊन बसला.

गिरणीवाल्याने पाय बाकाखाली घेतले. "माझे नको रे. टाचा पार फुटल्यात."

"बघू तर."

"अरे, लाज वाटते."

"मला काय कमी वाटत होती?" जोडेवाला म्हणाला.

गिरणीवाल्याने हळूच एक पाय माझ्यात ठेवला, मग दुसरा.

मित्रांनो, आता मला गंज चढला आहे. काम झाले की मला कोरडे पुसत जा, ओले टाकू नका. आणि कधी कोणी पाणी घेऊन तुमच्यापुढे गुडघे टेकले, तर टाचा फुटल्या आहेत म्हणून पाय लपवू नका.