माझ्या अंगावरची एकच गाठ

दुपारची वेळ होती. घर चिडीचूप होते. तेवढ्यात फरशीवर स्टूल सरकल्याचा आवाज झाला, खर्रर्र! आणि पाच चिमुकली बोटे माझ्या दिशेने वर आली.

"थांब!" स्वयंपाकघरातून हाक आली.

बोटे होती तिथेच थांबली. मित्रांनो, या घरात 'थांब' ऐकले की थांबायचे असते. मग हातात लाडू असो की माझ्यासारखी दोरी. हा नियम इथे कसा आला, ते माझ्या गोष्टीतच आहे.

मी एक जुनी सुती दोरी आहे. दोरीच्या मल्लखांबाची. सातपूरच्या या दोन खोल्यांच्या घरात, दाराआडच्या खुंटीवर मी वेटोळे करून बसलेली असते. एके काळी मी दुधासारखी पांढरी होते. आता हातापायांचा घाम पिऊन पिऊन साईच्या रंगाची झाले आहे. माझे खालचे टोक पाहा. तिथे बारीक दोऱ्याचे घट्ट वेढे आहेत आणि शेवटी एक इवलीशी गाठ. माझ्या सबंध अंगावर तेवढी एकच गाठ आहे. पण तिचा तोरा मला राजाच्या मुकुटाएवढा आहे.

माझा जन्म नामपूरचा. तिथे भिका नावाचा दोर वळणारा होता. कांद्याच्या बाजाराला येणाऱ्या शेतकऱ्यांसाठी तो कासरे आणि दावी वळायचा. एके दिवशी त्याच्याकडे एक उंच, सडसडीत बाई आल्या. त्यांचे नाव लताबाई. त्या नाशिकला सातपूरमध्ये मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवायच्या.

"दादा, तीन पेडाची दोरी हवी. सुताची. मऊ, पण पक्की."

भिका हसला. "बाई, बैल बांधना शे का हत्ती?"

"बांधायचं काही नाही. पोरी टांगायच्या आहेत."

भिकाचे हात चाकावरच थबकले. मग लताबाईंनी त्याला समजावले. मुलगी दोरीवर चढते, पायाच्या अंगठ्यात दोरी धरते, अंगाभोवती वेढे घेते आणि हवेत आसने करते. भिकाने सगळे ऐकले आणि पुढचे काही दिवस दुसरे कुठलेच काम हाती घेतले नाही. एक एक धागा बोटांत फिरवून पाहिला. जरा कुठे लोंबता दिसला की काढून टाकला. मला लताबाईंच्या हवाली करताना तो एवढेच म्हणाला, "हाई दोरी पक्की शे. पोरींले सांभाळी."

त्या शब्दांचे ओझे घेऊन मी नाशिकला आले. ते साल होते एकोणीसशे शहाण्णव.

सातपूरच्या कामगार वसाहतीत एक लांबलचक पत्र्याची खोली होती. उन्हाळ्याच्या सुटीत लताबाईंचे शिबिर तिथे भरायचे, आणि पुढे वर्षभर सरावही तिथेच चालायचा. मला लोखंडी तुळईच्या कडीला टांगले. खाली जाड गाद्या अंथरल्या. आणि माझ्या शेजारीच, भिंतीवरच्या खिळ्याला, एक धारदार विळा अडकवला.

विळा पाहून माझा पीळच सैल झाला! जिथे दोरी आहे तिथे विळा कशाला?

लताबाई मुलींना म्हणाल्या, "हा विळा कधीच लागू नये म्हणून आपण नीट शिकायचं. आणि लागलाच, तर शोधावा लागू नये म्हणून तो इथेच राहील."

मला तो विळा मुळीच आवडला नाही.

लताबाईंचे शिकवणे सावकाश. आधी बांगड्या, साखळ्या, कानातले काढून ठेवायचे. मग अंग मोकळे करायचे. मग सगळ्यांनी मिळून मला वरपासून खालपर्यंत हाताने चाचपायचे, कुठे धागा तुटला आहे का पाहायचे. जी वर चढेल तिची जोडीदारीण खाली उभी राहणार, आणि तिने नजर हलवायची नाही. पायाला मुंग्या आल्या की लाजायचे नाही, सांगायचे. कुणीही 'थांब' म्हटले की जगबुडी झाली तरी थांबायचे. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की दोरीला गाठ मारायची नाही. कधीच नाही.

"वेढा तुमच्या वजनानं धरतो आणि तुम्ही म्हणाल तेव्हा सोडतो," लताबाई म्हणायच्या. "गाठ मात्र वजन पडलं की आणखी आवळते. तिला तुमचं ऐकू येत नाही."

या शिबिरात मैना नावाची बारा वर्षांची मुलगी होती. मखमलाबादच्या मळ्यातून ती सायकलवर यायची. तिची आई साळूबाई झेंडू आणि शेवंती पिकवायची, आणि माळा, वेण्या ओवून बाजारात न्यायची. मैना बोलायची कमी. पण पहिल्याच दिवशी तिने मला पायाच्या अंगठ्यात धरले आणि लताबाई बघतच राहिल्या.

"अगं, ही पकड यायला मुलींना महिना लागतो. कुठे शिकलीस?"

"घरी," मैना म्हणाली. "वेणी करताना दोरा अंगठ्यालाच अडकवतो ना आम्ही."

बघा मित्रांनो, कुठली विद्या कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही. मैना भराभर शिकली. उलटे लटकायला लागली, आडवे निजायला लागली. तिचा भार माझ्यावर पडला की मला माझे तिन्ही पेड एका सुरात गायल्यासारखे वाटायचे. लताबाईंनी ठरवले, हिवाळ्यात शाळांच्या क्रीडामेळ्यात शेवटचे आसन मैना करणार. दोन्ही हात सोडून, उलटे लटकून, हात जोडायचे. मैनाने ते इतके मनावर घेतले की सायकल चालवतानाही तिचे ओठ वेढे मोजत असत.

आणि मग तो दिवस आला.

मैना वर होती. तिने पायाला वेढा घेतला आणि उलटी झाली. तेवढ्यात कुठूनतरी दार आपटले. मैना दचकली. तिला वाटले, पाय सुटतोय. आणि तिच्या हातांनी तिला न विचारता तेच केले, जे ते रोज पहाटे शेवंतीच्या जुड्या बांधताना करायचे. माझे लोंबते टोक ओढून त्यांनी घोट्याभोवती झटकन गाठ मारली. फुलवाल्यांची गाठ. एका झटक्यात बसणारी, कधी न सुटणारी.

मैनाचा सगळा भार त्या गाठीवर आला. मी आवळत गेले. मित्रांनो, मला थांबता येईना! भिका म्हणाला होता, ही पोरींना सांभाळेल. आणि मीच तिचा पाय करकचून धरला होता.

"थांब!" मैना ओरडली. "थांब, थांब, मुंग्या आल्यात!"

खाली तिची जोडीदारीण होती मनीषा. सातपूरचीच, तोंडाने फटकळ. लताबाई धावल्या आणि त्यांनी मैनाला खालून खांद्यावर उचलून धरले. भार हलका झाला, पण गाठ काही सुटेना. घोटा लाल होता, तो निळा दिसू लागला.

"मनीषा, विळा!"

दर शनिवारी जुन्या दोरीच्या तुकड्यावर त्या मुली हेच तर शिकत होत्या. एकीने धरायचे, एकीने कापायचे, पाते अंगापासून दूर. तेव्हा खिदळणारी मनीषा आता एक शब्द बोलली नाही. स्टुलावर चढली आणि गाठीच्या वर तिने विळा माझ्यावर लावला.

दुखले का, म्हणून विचाराल. मला आठवत नाही. मला एवढेच आठवते, की पाते फिरत होते आणि मी मनात म्हणत होते, लवकर, मनीषा, लवकर!

मी तुटले. मैना सुटली. लताबाईंनी तिला गादीवर घेतले, घोट्यावरचा फास ओढून सैल केला, पाय चोळला. हळूहळू पायात रंग परत आला. डॉक्टरांनी पाहिले आणि म्हणाले, काही नाही, दोन दिवस आराम. मनीषाच्या जिवात जीव आला, आणि तोंडही. "काय गं ए, मी खाली उभी असताना तुला गाठ मारायची काय गरज? मी काय खांब आहे?"

मैना हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आराम संपला तरी नाही. साळूबाईने निरोप धाडला, पोरगी परत येणार नाही. मी तुळईवर अर्धवट लोंबत होते. तुटलेले टोक उसवत चालले होते. मला वाटले, संपले सगळे, माझेही आणि मैनाचेही.

पण लताबाई स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मला उतरवले, खांद्यावर घेतले आणि थेट मखमलाबादचा मळा गाठला. साळूबाई पडवीत फुलांचा ढीग घेऊन बसली होती. पायाच्या अंगठ्याला दोरा, हात चालूच. मैना कोपऱ्यात मान खाली घालून फुले निवडत होती.

"आलात?" साळूबाई म्हणाली. "ती तुटकी दोरी कशाला आणली? माझी पोरगी काय दुधी भोपळा हाय, मांडवाला टांगायला?"

"बरोबर आहे तुमचं," लताबाई खाली बसल्या. "चुकलं ते माझंच. गाठ मारू नको, एवढं मी सांगितलं. पण दिवसभर हिचे हात काय करतात, हे मी विचारलंच नाही."

साळूबाईचे हात जरा मंदावले. मग तिची नजर माझ्या टोकाकडे गेली. सगळे सूत पिंजारून बाहेर आले होते. आयुष्यभर दोरा हाताळलेल्या बाईला उसवलेले टोक बघवते का?

"अशी ठेवतात व्हय दोरी? आण इकडं." तिने मला मांडीवर ओढले, फुलांचा पांढरा दोरा अंगठ्यात धरला आणि माझ्या टोकाभोवती घट्ट, शेजारी शेजारी वेढे घ्यायला लागली. वेढे घेता घेता विचारत राहिली.

"कापली कुणी?"

"मनीषानं. हिच्याच बरोबरीची आहे."

"विळा कुठं व्हता?"

"हाताशी. कायम तिथेच असतो."

"आन माझ्या पोरीला धरलं कुणी?"

"मी."

शेवटचा वेढा ओढून साळूबाईने फुलवाल्यांची तीच गाठ मारली. झटक्यात बसणारी, कधी न सुटणारी.

"हं. हिची जागा ही," ती गाठीवर अंगठा दाबून म्हणाली. "मैने, ऐकलं का? गाठ दोरीच्या शेंड्याला. पायाला नाय." मग लताबाईंकडे वळली. "येईल ती. पर मी बी येणार. पोरगी उलटी झाली की खाली मी उभी राहणार."

"आई!" मैना पहिल्यांदा बोलली.

"आई काय आई? लय झालं रडणं. ती शेवंती आवर आधी."

दुसऱ्या दिवशी साळूबाई शिबिरात हजर! आल्या आल्या तिने पदर खोचला आणि मला दोन्ही हातांनी धरून, पाय उचलून, चक्क लोंबकळली. सगळ्या मुली टाळ्या पिटायला लागल्या.

"मावशी, वर चढा!" मनीषा ओरडली.

"चढते की, तू आधी आणखी चार गाद्या अंथर. दोन पोती कांद्याचा भार हाय माझा. हिनं मला पेललं, तर पोर म्हंजे चिमणी."

मी पेलले, मित्रांनो. कापली गेल्याने आखूड झाले होते, पण पीळ तसाच होता. त्या दिवसापासून मैनाने नवीनच अभ्यास धरला. हात मोकळे ठेवायचा अभ्यास. वर गेली की मनीषा मुद्दाम दार आपटायची, भांडे वाजवायची, मांजरासारखी ओरडायची. मैनाचे हात गाठीसाठी धावायचे. ती त्यांना मागे घ्यायची. पुन्हा धावायचे. पुन्हा मागे घ्यायची.

थंडीत क्रीडामेळा भरला. मोठे मैदान, गर्दीच गर्दी. मला तीन खांबांच्या उंच तिकाटण्यावर टांगले होते. विळाही होता, माझ्या शेजारीच. आता मला त्याचा राग येत नव्हता. उलट, तो आहे म्हणून मी निर्धास्त होते.

मैना चढली. अंगठ्याची पकड, मांडीला वेढा, कमरेला वेढा. उलटी झाली. तेवढ्यात मैदानाच्या कडेला कुणीतरी फटाक्यांची माळ लावली! मैनाचा उजवा हात माझ्या टोकाकडे झेपावला. बोटे साळूबाईच्या गाठीला लागली.

मग बोटे हळूच उघडली. हात खाली गेला, दुसऱ्या हाताला भेटला. मैना उलटी, हवेत, हात जोडून. आणि हसत होती!

मग टाळ्यांचा असा गजर उठला, की माझी कडीसुद्धा खणखणली. मैनाने पायाला एक झोका दिला. सगळे वेढे पाण्यासारखे माझ्यावरून घरंगळले आणि ती गादीवर दोन पायांवर उभी राहिली. अख्ख्या मैदानात टाळी वाजवली नाही ती एकट्या साळूबाईने. तिचे दोन्ही हात मघापासून पसरलेले होते. पोरीच्या खाली. ते तसेच राहिले होते.

पुढे कितीतरी उन्हाळे मी मुलींना पेलले. नंतर मोठ्या बायकांचेही शिबिर सुरू झाले. मग नवी दोरी आली. मी म्हातारी झाले होते, कुठे कुठे विरले होते. एक टेम्पोवाला म्हणाला, द्या मला, कांद्याच्या गोण्या बांधायला होईल. लताबाईंनी त्याच्याकडे असे पाहिले की तो मागे वळून न बघताच निघून गेला. पेटीत मात्र मी वर्षभर पडून राहिले, अंधारात, कसरीच्या सोबतीने. ते दिवस आठवले की अजून अंग आकसते. मैनाने सातपुरात स्वतःचे शिबिर सुरू केले, तेव्हा ती मला घरी घेऊन आली. दर आठवड्याला ती मला उन्हात धरते. तिच्या शिबिरातही भिंतीवर एक विळा असतो.

म्हणून मित्रांनो, या म्हातारीचे एवढे ऐका. ज्या दोरीवर जीव टाकाल, तिला आधी हाताने ओळखा. खाली कुणी उभे असल्याशिवाय वर जाऊ नका. 'थांब' म्हणायला लाजू नका, आणि दुसऱ्याने म्हटले तर क्षणही दवडू नका. आणि माझ्यासारखी थकलेली दोरी दिसली, तर तिचा झोका बांधू नका. तिला खुंटीवर मानाने बसवा. तिचे काम झालेले असते.

आज दुपारी स्टुलावर चढलेली ती मैनाची सृष्टी. पाच वर्षांची. तिला माझा झोका करायचा होता. मैना कणकेचे हात पुसत आली, सृष्टीला उतरवले, मला खुंटीवरून काढून तिच्या मांडीवर ठेवले आणि ही सगळी गोष्ट तिला सांगितली. गाठीची, विळ्याची, मैदानाची. सृष्टी माझ्या टोकाच्या गाठीवरून बोट फिरवत ऐकत होती.

गोष्ट संपली. घर पुन्हा चिडीचूप झाले. सृष्टीने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा भिंतीवरच्या साळूआजीच्या फोटोकडे. मग तिने विचारले,

"आई, तू वर होतीस तेव्हा तुला दोरीनं धरलं होतं, का आजीनं?"