परसालचे तांदूळ

फुलवंताबाईच्या फाईलवर तीन दिवस एकच ओळ होती: रुग्ण जेवण नाकारते. सकाळच्या नर्सने लिहायचं, दुपारच्या नर्सने त्याची नक्कल मारायची. काऊन नाकारते, हे विचारायला कोणाचं काय जात होतं? पण म्हातारी सालेकशाकडच्या जंगलातली, मराठी तुटकं. अशांना विचारत नाहीत, लिहून मोकळे होतात. मलेरियाने ती पार खंगली होती, उपाशीपोटी गोळ्या देता येत नव्हत्या. डॉक्टरांनी सांगून टाकलं, उद्या नाकातून नळी घाला.

ते काम दिव्यावर आलं. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची पोरगी, महिनाभर या वॉर्डात प्रॅक्टिकलला. तिच्या प्रॅक्टिकलच्या वहीत नळी घालण्याचीच सही बाकी होती. इन्चार्ज दुलारी सिस्टर म्हणाल्या, आयतं मिळालं आहे, उरकून घे.

संध्याकाळी दिव्या ताप बघायला गेली, तर म्हातारी भिंतीकडे तोंड करून मेलेल्या नवऱ्याशी गोंडीत बोलत होती. दिव्याला शब्द न् शब्द कळला. तिच्या घरची बोली तीच. पहिल्या वर्षी होस्टेलात असताना तिचं आईशी फोनवरचं बोलणं ऐकून मुली हसल्या, तेव्हापासून तिने ती बोली चारचौघांत गिळून टाकली होती. आता खाली वाकून तिने गोंडीतच हळू विचारलं, आजी, काय झालं?

झालं होतं एवढंच. नव्या पिकाचा भात पितरांना दाखवल्याशिवाय खायचा नसतो. त्याआधीच ताप आला. दात नाहीत म्हणून ताटात रोज मऊ भात, आणि तो नवा की जुना कोण सांगणार? म्हणून तिने तोंडच मिटलं.

सिस्टर म्हणाल्या, ‘‘जुनाच आहे म्हणून सांगून दे ना. तिले काय कळते?’’

दिव्या स्वयंपाकघरात गेली. आचारी यादोराव म्हणाला, ठेकेदार पोतं टाकून जाते, मले काय मालूम. खोटं बोलणं सोपं होतं. म्हातारीच्या बोलीत खोटं बोलू शकणारी त्या इमारतीत दिव्या एकटीच होती, आणि तिचं म्हातारीने ऐकलंही असतं. म्हणूनच तिच्याने ते होईना.

कुडव्याला ती आता भाड्याने राहायची, त्या खोलीवर आईने दिलेले मागच्या वर्षीचे तांदूळ होते. पहाटे उठून तिने पेज शिजवली. डबा घेऊन पोचली तेव्हा नळीचा ट्रे खाटेशी तयार होता, सोबतच्या मुली बघायला उभ्या होत्या.

दिव्याने वाकून कानात सांगितलं, पेज घरच्या जुन्या तांदळाची आहे. म्हातारीने डब्याकडे पाहिलं, मग दिव्याकडे, आणि गोंडीत खणखणीत काहीतरी विचारलं. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. दिव्याने तेवढ्याच मोठ्याने गोंडीत उत्तर दिलं.

‘‘काय म्हणून राहिली ते?’’ सिस्टरनी विचारलं.

‘‘तुमच्या घरी किती देव, म्हणते. आमच्या घरी सात. तिच्याबी घरी सातच.’’

‘‘मग?’’

‘‘आमच्यात देव सारखे तर कूळ एक. मग मी तिची नात झाली, सिस्टर.’’

म्हातारीने तोंड उघडलं. चार चमचे दिव्याने भरवले, मग वाटी तिने स्वतःच ओढून घेतली. कोणी हसलं नाही.

दिव्याने फाईलवर लिहिलं: जुन्या तांदळाची पेज, एक वाटी, स्वतःच्या हाताने. त्यानंतर गोळी दिली. वहीतली सहीची जागा कोरीच राहिली.

दुलारी सिस्टरनी ती ओळ वाचली, ट्रे उचलला, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

‘‘आमच्या घरीबी परसालचे तांदूळ पडून आहेत. चालते का, विचारून पाह्य तिले.’’