माझ्यात पडलेले सात दाणे

मी जनवाड्याच्या भाकरी केंद्रातला पत्र्याचा डबा बोलतोय. सांगायचं आहे त्याची लाज वाटते, म्हणूनच सांगून मोकळा होतो.

बिदरच्या बाजारात एका पत्रेवाल्यानं मला ठोकून घडवलं. केंद्राच्या प्रमुख शिवलीलाअक्का मला चहापत्तीसाठी घेऊन आल्या. इथं सात बायका ज्वारीच्या भाकरी करतात. कुणाची ऑर्डर आधी घ्यायची यावरून एवढी भांडणं व्हायची की तवे थंड पडायचे. एकदा अक्कांनी मला रिकामं केलं आणि म्हणाल्या, "भांडू नका. ज्याच्या त्याच्या मनातला दाणा ह्यात टाका. जास्त दाणे ज्याचे, त्याची ऑर्डर."

भांडणं थांबली आणि मी फुगलो. बायका यायच्या, दाणा टाकायच्या, मुकाट्यानं चुलीकडं परतायच्या. मला वाटायचं, ही सगळी माझीच करामत.

मग एका सोमवारसाठी दोन मागण्या आल्या. बिदरच्या चनमल्लप्पांना मुलीच्या लग्नासाठी हजार भाकरी हव्या होत्या. मन्नाएखेळ्ळीच्या पवित्राला दोनशे. शिवणकाम सोडून ती त्या दिवशी हायवेवर खानावळ उघडणार होती. 'गरम भाकरी मिळेल' असा बोर्डही रंगवून झाला होता. दोन्ही ऑर्डरी एका दिवशी करणं काही शक्य नव्हतं.

गुरुवारी मला मधोमध ठेवलं. लग्नाच्या ऑर्डरीला तुरीचा दाणा, पवित्राच्या ऑर्डरीला ज्वारीचा. वयानं सगळ्यांत मोठी चन्नव्वा दाणा हातात धरून थांबली.

"लग्नाला मऊ भाकरी पायजे का कडक? कुनी इचारलं का?"

"आता कामून बोलायलाव, अव्वा? टाका की डब्यात," अक्का म्हणाल्या.

चन्नव्वानं दाणा टाकला. तुरीचे चार, ज्वारीचे तीन. नाही म्हणायचं अक्कांच्या जिवावर आलं, म्हणून पवित्राला फोन गेला तो थेट रविवारी संध्याकाळी.

सोमवारी पहाटेपासून चुली पेटल्या. नऊ वाजता चनमल्लप्पा टेम्पो घेऊन आले आणि वाफाळत्या भाकरी बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"मऊ कामून केल्याव? पोरीसंगं सासरी शिदोरी द्यायची हाय. कडकच लागतेत. चार दिवस आधी करून ठिवल्या असत्या तरी चाललं असतं की!"

रिकामा टेम्पो परत गेला. म्हणजे लग्नाच्या भाकरी आधीच करता आल्या असत्या आणि सोमवार पवित्रासाठी मोकळा राहिला असता. बायकांनी भाकरी टोपल्यांत भरल्या आणि दुसरी गाडी शोधून मन्नाएखेळ्ळी गाठली. अक्कांनी मलाही बरोबर घेतलं. आपण मनानं नाही, मोजून ठरवलं, हे पवित्राला दाखवायचं होतं त्यांना.

पोचेपर्यंत दोन वाजले. गिऱ्हाइकं समोरच्या ढाब्यात गेली होती. पवित्रा उरलेल्या भातावर झाकण ठेवत होती. अक्कांनी मला तिच्यापुढं उघडलं. तिनं आत डोकावून पाहिलं.

"ह्यातले माझे किती?"

"तीन. ज्वारीचे."

"तिघी माझ्या बाजूनं हुत्या व्हय? मग एकीला तरी फोन लावता आला न्हाई? गुरुवारी इचारलं असतं तर मी मंगळवारी उघडली असती. पत्रकं तर शनिवारी वाटली मी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. माझं झाकण कुणीतरी लावावं, एवढंच मला वाटत होतं.

'बिनभाकरीची खानावळ' हे नाव तिला पहिल्याच दिवशी चिकटलं. दोन महिन्यांत शटर खाली आलं. पवित्रा आता समोरच्या ढाब्यात भांडी घासते.

मी फळीवर पालथा पडून असतो. गेल्या आठवड्यात पुन्हा एकाच दिवसाच्या दोन मागण्या आल्या. अक्कांचा हात सवयीनं माझ्याकडं आला. चन्नव्वानं तो धरला.

"ऱ्हाऊ दे, शिवलीला. आधी दोघास्नी इचार. कवा पायजे, कसली पायजे."

दोन फोन झाले. बायका थोड्या भांडल्याही. काहींनी सकाळ धरली, काहींनी संध्याकाळ, आणि दोन्ही ऑर्डरी बसल्या. सगळ्या हसल्या. मला हसू येईना.

बायांनो, मला पुन्हा खाली काढू नका. गेल्या आठवड्यात दोघांना विचारायला तुम्हाला पाच मिनिटं लागली, मी फळीवरून बघत होतो. पवित्रासाठीही पाचच लागली असती.