जोडीतला उरलेला बैल

दादा खोकत होता, तरी तुम्ही थांबला का नाही?

हे मी पुंडलिकरावांना विचारलं, कडूबाईंना विचारलं, रूपाला तर रोज विचारतो. मी हंबरतो. ते म्हणतात, "भूक लागली असंल," आणि पुढ्यात कडबा टाकतात.

मी चांद्या बोलतोय. वैजापूरच्या अलीकडच्या एका वस्तीवर पुंडलिकरावांचा गोठा आहे, तिथला नुकताच जुवाखाली आलेला बैल. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांद्या. दादाचा रंग तांबूस, म्हणून तो कोसा. आम्ही एकाच गाईची लेकरं. आई मला नीट आठवत नाही. दादा आठवतो.

मला येतं तेवढं सगळं त्यानं शिकवलं, आणि ते फार नाही. नांगराचं तास संपलं की कसं वळायचं, चिखलात पाय कसा टाकायचा, एवढंच. मी घाई करायचो, मध्येच उधळायचो. तो जागेवर पाय रोवून उभा राहायचा. जू आमच्या दोघांच्या मानेवर, त्यामुळं मलाही थांबावंच लागायचं. रागावला मात्र कधी नाही.

रूपा ही पुंडलिकरावांची लेक. संभाजीनगरला जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करायचं शिक्षण घेत होती. रविवारी घरी आली की पिशवी ओट्यावर टाकून थेट गोठ्यात यायची. ताप बघायची, पोटावर मूठ टेकवून आतली हालचाल मोजायची. मी लाथ झाडायचो. दादा उभा राहायचा. म्हणून तिनं सगळं दादावरच गिरवलं.

कडूबाई एकदा शेणाची पाटी घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या.

"अगं, बैलाचा ताप तिकडून बघत्यात व्हय? शिकून शिकून हेच शिकली का?"

"मग काय आई, काखेत धर म्हणून सांगू त्याला?"

"त्यापरीस वाळूजला कंपनीत लागली असती. तुझी चुलत बहीण बसमधी बसून जाती, बसून येती. अंगाला शेणाचा वास नाय."

"मला हाच वास लागतो," रूपा म्हणाली आणि दादाच्या पाठीवर थाप मारली. दादानं शेपूट हलवली. मला वाटतं, त्याला ते शिकणं आवडत होतं.

त्या रविवारी दादाचं दावं सुटलं आणि तो शेजारच्या ओल्या लसूणघासात शिरला. पोटभर खाऊन आला. थोड्या वेळानं त्याची डावी भकाळी, मांडीपुढची खोलगट कूस, फुगायला लागली. ढोलासारखी ताठ झाली. तो पाय आपटायचा, पोटाकडं वळून बघायचा.

रूपानं तिला शिकवणाऱ्या डॉक्टरसाहेबांना फोन लावला. ते दुसऱ्या गावात अडलेल्या म्हशीपाशी होते. "त्याचे पुढचे पाय उंचावर ठेव, मी निघतोच," म्हणाले.

तेवढ्यात शेजारचे अप्पाराव बांबूचं नळकांडं आणि गोडं तेल घेऊन आले. वस्तीवर कुणाचंही जनावर फुगलं की तेच पाजतात. कितीतरी जनावरं त्यांच्या हातून उठलेली आहेत.

"डॉक्टर येईस्तोवर बैल ऱ्हाईल का? पुंडलिक, मान वर धर. रूपे, तू जीभ धर. डॉक्टरीण व्हायली ना तू?"

रूपा पुढं झाली. घरातल्या माणसांनी पहिल्यांदाच तिला काम सांगितलं होतं. तिनं दादाची जीभ बाहेर ओढून घट्ट धरली. मान आभाळाकडं. नळकांडं तोंडात. दादा खोकला. पुन्हा खोकला. त्याचे डोळे माझ्याकडं वळले. मी दाव्याला हिसके देत होतो.

"ठसका लागला, काका," रूपा म्हणाली.

"लागतो गं. धरून ठेव."

तिनं धरून ठेवली.

भकाळी उतरली. सगळे हसले. कडूबाईंनी चहा केला. "लेकीच्या हाताला गुण हाय," अप्पाराव म्हणाले, आणि रूपाचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तिनं फोन करून डॉक्टरसाहेबांना सांगितलं, आता येऊ नका, बरा आहे.

मग दादाला ताप चढला. नाकातून घाण वास यायला लागला. तो मान लांब करून श्वास ओढायचा आणि तो पुरायचा नाही. डॉक्टरसाहेब आले, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले.

"पाजताना जीभ कुणी धरली होती?"

अप्पाराव जमिनीकडं बघत होते.

"मी," रूपा म्हणाली.

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "जीभ धरली की जनावराला गिळता येत नाही. तेल छातीत जातं. हे पुढच्याच आठवड्यात शिकवणार होतो तुम्हाला."

सुया दिल्या, बाटल्या लावल्या. दादा माझ्या शेजारी आडवा झाला तो उठलाच नाही. मी त्याचं कपाळ चाटत राहिलो. मला दुसरं काय येत होतं? त्याला बांधाकडं ओढून नेताना मी खुंटा उपटला, अप्पारावांच्या अंगावर गेलो. चौघांनी मला आवरलं.

रूपानं पांढरा डगला घडी करून पेटीत टाकला. "मी नाय जाणार आता. वाळूजला लावा मला." कडूबाईंना जे हवं होतं तेच लेक म्हणाली, आणि त्या पदर तोंडाला लावून रडल्या.

तेव्हापासून मी तोंडाजवळ कुणाचा हात येऊ देत नाही. हात दिसला की मला दादाची जीभ दिसते. आणि एकट्या बैलानं औत चालत नाही.

आज देवगाव रंगारीहून नानासाहेब नावाचे शेतकरी आले. त्यांच्या बैलाला जोडीदार हवा आहे. माझी पाठ बघितली, खूर बघितले. मग वय ओळखण्यासाठी दात बघायला हात पुढं केला, तशी मी शिंगं खाली घेतली. पुंडलिकरावांनी प्रयत्न केला. त्यांनाही झिडकारलं.

"मारका दिसतोय. दात बघितल्याबिगर मी नाय नेत," नानासाहेब म्हणाले आणि चपला घालायला लागले.

रूपा घरातून आली. माझ्यापुढं उभी राहिली. तिनं हात माझ्या तोंडाकडं आणला. मला शिंग मारता आलं असतं. मारलं असतं तर मी इथंच राहिलो असतो, दादाच्या जागेशेजारी. पण तो हात मग कुठल्याच जनावराला लागला नसता.

"चांद्या," ती एवढंच म्हणाली. जीभ तिनं धरली नाही. ओठाच्या कोपऱ्यात, जिथं आम्हाला दात नसतात, तिथून दोन बोटं आत घातली.

मी तोंड उघडलं.

"चार दाती हाय," ती म्हणाली.

"डॉक्टरीण हाय का ही?"

रूपानं बोटं तशीच ठेवली. "शिकायली अजून," ती म्हणाली.

नानासाहेब वाकून दात बघत होते. तिचा हात बाहेर निघेपर्यंत मी तोंड मिटलं नाही.