छतावरचा एसी

भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या तिसऱ्या वर्षी सेवकरामने नागपुरातून एक जुनी गाडी आणली. आत दोन पाट्यांचे पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि छतावर चौकोनी एसी. अड्याळच्या त्याच्या घरात कोशाच्या रेशमाच्या साड्या विणल्या जायच्या, आणि त्या घेऊन नवराबायको गावोगावच्या प्रदर्शनांना जायची. लॉजपेक्षा गाडीत राहणं बरं, असं सेवकरामचं म्हणणं.

सुमित्राबाईला ती गाडी कधीच आवडली नाही. थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून आधीच्या मालकाने खिडक्यांना जाड फायबरचे पत्रे रिवेट मारून पक्के बसवले होते. ड्रायव्हरच्या बाजूलाही लाकडी भिंत. मागचं दार पलंगाने अडलेलं. जायला-यायला बाजूचं एकच सरकतं दार. “एक तरी खिडकी उघडून द्या ना,” असं ती दर उन्हाळ्यात म्हणायची. “थंडावा जाते,” असं तो दर उन्हाळ्यात सांगायचा.

मग एसीच बंद पडला. दुरुस्तीला कोणी हात लावेना. शेवटी सेवकरामने दुसरा, वापरलेलाच, भंडाऱ्यात ठरवला. मे महिन्यातल्या एका सकाळी तो आणायला निघताना बायकोला म्हणाला, “मी येवस्तोवर जुन्या एसीचं आतलं झाकन खोलून ठेव. उद्या मिस्तरी येऊन राहिला.”

गाडी गल्लीत मावत नसे, म्हणून कोंढ्याच्या रस्त्याला त्यांच्या धानाच्या बांधीजवळ, तळ्याच्या पाळीला लागून उभी असायची. सुमित्राबाई जेवण आटोपून पाने-पेचकस घेऊन तिथे गेली. दार सरकू नये म्हणून तिने त्याच्या वाटेत साड्यांचं एक गाठोडं ठेवलं. झाकणाचे स्क्रू निघाले. झाकण उतरवायला साड्यांच्या लोखंडी पेटीवर चढायचं होतं, जागा हवी म्हणून तिने गाठोडं आत ओढलं, आणि उतारावरची गाडी आपलं काम करून गेली. दार घरंगळत आलं आणि खट्‌कन बसलं.

आतली कडी तिने ओढली. कडी हातात आली.

पहिल्यांदा तिला रागच आला. मग तिने दाराला खांदा लावला. मग लाथा घातल्या. फायबरच्या पत्र्यावर पाना मारला, तो उसळून तिच्याच मनगटाला लागला. “कोनी हाये का वोऽ!” ती ओरडली, पण दुपारी दोन वाजता त्या रस्त्याला कोण असणार? मोबाइल घरात एकच, तो सेवकरामजवळ. तो संध्याकाळशिवाय येणार नव्हता.

पत्रा एवढा तापला होता की टेकता येईना. टाकीत पाणी नव्हतं, गाडी उभी करताना ती रिकामी करत. पदर ओला होऊन अंगाला चिकटला. छातीत धडधडायला लागलं तेव्हा ती खाली बसली आणि तिला एकदम वाटलं, आपण इथे मरणार, आणि तेही ह्याच गाडीत. या विचाराने ती इतकी चिडली की उठून उभी राहिली.

वर पाहिलं. झाकण निघालं होतं, आणि आतली चौकट चार लांब बोल्टांनी एसीला धरून होती. एसी म्हणजे भोकावर ठेवलेली पेटी. ती हलली तर वर आभाळ होतं.

बोल्ट गंजलेले. एकेक फिरवताना तिचे तळहात सोलले. चौकट निघाली, तारेचा जोड तिने उपटला. खालून दोन्ही हातांनी रेटलं, एसी हलला नाही. जुन्या डिंकासारख्या मसाल्याने तो छताला चिकटला होता. तेव्हा तिला पलंगाखालचा जॅक आठवला. तिने लोखंडी पेटीवर दुसरी पेटी चढवली, त्यावर जॅक ठेवला आणि त्याचं डोकं एसीच्या बुडाला टेकवून दांडा फिरवू लागली. दहा-बारा फेऱ्यांनंतर कर्‌कर्‌ आवाज आला. एका कडेला बोटभर फट पडली आणि उन्हाची धार तिच्या तोंडावर आली. गरम वारा होता, पण वारा होता. ती फटीला तोंड लावून नुसती उभी राहिली.

अजून फेऱ्या. मग पलंगाची पाटी काढून तिने फटीत घातली आणि सगळं वजन टाकलं. एसी उचलला गेला, छतावरून घसरला आणि दाणकन खाली कोसळला.

तळ्याच्या पलीकडे म्हशी राखत बसलेला नत्थू धावत आला. छतातून एक रक्ताळलेला हात बाहेर आलेला त्याने पाहिला.

“कोन हाये वोऽ?”

“मी सुमित्रा! दार खोल, बापू!”

बाहेरून दार एका हिसक्यात उघडलं.

सेवकराम मालवाहू ऑटोत दुसरा एसी घेऊन आला तेव्हा ती झाडाखाली, पाण्याची लोटी घेऊन बसली होती. जमिनीवर पडलेला जुना एसी पाहून तो आधी तिलाच बोलला, “एसी काहून पाडला वं?”

तिने सांगितलं. नत्थूनेही सांगितलं. सेवकराम तुटलेल्या कडीकडे बघत म्हणाला, “दाराले थोडा जोर लावा लागते, उघडते ते.”

“उघडते? मंग बसा आत.”

तो हसत आत गेला. तिने दार लावलं. आतून ओढाताण ऐकू आली, मग शिव्या. छतात आता भोक होतं, ऊनही उतरलं होतं, तरी थोड्याच वेळात तो दारावर थापा मारायला लागला. “खोल! खोल ना वं!” त्याचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता. तिने लगेच उघडलं.

तो बाहेर येऊन पाळीवर बसला. म्हणाला, “तू किती वेळ होतीस?”

“सूर्व्य डोक्यावरून तिकडे गेला, तेवढा.”

ऑटोवाला एसी उतरवायला दोर सोडत होता. सेवकरामने हात वर करून त्याला थांबवलं. “परत ने भाऊ. लागत नाई.”

दुसऱ्या दिवशी मिस्तरी गोपीचंद आला, तेव्हा काय करायचं ते सुमित्राबाईनेच सांगितलं. भोकावर वर उघडणारं झाकण, दोन्ही बाजूंना सरकत्या खिडक्या, आणि दाराला नवी कडी, आतून-बाहेरून चालणारी. ती तिने स्वतः वीसदा लावून पाहिली.

तरी तो पावसाळाभर ती गाडीत बसली नाही. सेवकराम एकटाच गेला, आणि त्याने आग्रह केला नाही. दिवाळीनंतर ती पहिल्यांदा निघाली, पुढे, गाडी चालवणाऱ्या सेवकरामशेजारी बसून, काच पूर्ण खाली करून. आसगाव मागे गेलं तेव्हा तिला थंडी वाजायला लागली. सेवकरामने गाडी थांबवून मागचं पांघरूण काढून तिला दिलं, आणि काच लावू का, असं विचारलं नाही.