धुतलेला डबा

रागिणीने डबा मांडीवर घट्ट धरला आणि एसटीत ड्रायव्हर सूर्यभानच्या मागच्या सीटवर बसली. रोज दर्यापूरहून हा डबा सूर्यभानच्या हाती एकटाच अकोल्याला जायचा.

"काकू, आज डब्याले सोबत कावून?" सूर्यभान हसला.

"पोरीले भेटतो जरा. तिले सांगजो नको."

अकोल्याला बस अर्धा तास थांबे. लेक अपेक्षा होस्टेलवरून स्टँडवर येई, बाकावर बसून जेवी, डबा धुऊन परत देई आणि क्लासला जाई. अकरा महिने रोज चकचकीत रिकामा डबा घरी येई आणि रागिणीला वाटे, पोरगी रुळली.

काल भाजीत मीठ घालायचं राहून गेलं होतं. दुपारी स्वतः पहिला घास घेतला तेव्हा तिला कळलं. त्याआधी सकाळीच, डबा मिळाल्यावर, अपेक्षा फोनवर म्हणाली होती, "आई, आज भाजी तं लय मस्त झाली."

म्हणून आज ती आली होती. चाल घरी, नाही झाली डॉक्टर तरी चालते, एवढंच सांगायला.

स्टँडवर ती खांबाआड उभी राहिली. अपेक्षाने सूर्यभानकडून डबा घेतला, मागच्या भिंतीशी गेली आणि पोळीभाजी कुत्र्यांपुढे ओतली. मग नळाखाली डबा घासला. झाकणाच्या कडेतून बोट फिरवलं, आईने शिकवलं तसं. मनगट केवढंसं झालं होतं.

रागिणीने फोन लावला.

"जेवली का वं?"

"हाव आई! भाजी तं एकदम झकास!"

आवाज हसत होता. दहा पावलांवरचा चेहरा मात्र दगडासारखा होता. आता आपण पुढे झालो तर हा आवाजही बंद पडेल, अशी धास्ती रागिणीला वाटली. ती खांबाआडच राहिली.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी वलगावहून बाबा तिला भेटायला आले होते. "बरी आहे ना?" त्यांनी विचारलं. "हाव बाबा," ती म्हणाली. दंडावरचे वळ झाकायला तिने कोपरापर्यंत ओढून घेतलेल्या पदराकडे त्यांनी पाहिलं, टोपी घातली आणि निघाले. बाबांना काही दिसलं नाही, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती.

अपेक्षा क्लासच्या रस्त्याला लागली. सूर्यभानने ओला डबा रागिणीच्या हाती दिला.

"भेटली का पोरगी?"

"हाव," ती म्हणाली. "बरी आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने डब्याची भाजी फोडणीला टाकली आणि मीठ दोनदा चाखून पाहिलं.